सर्व्हरची स्मृती वाढविण्याच्या प्रयत्नाचा साद्यंत वृत्तांत

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत लेखामध्ये मी माझ्या राहत्या घरातील सर्व्हर नामक यंत्राची स्मृती कशी वाढविली, ती वाढविताच ते यंत्र कसे मूर्च्छित झाले, आणि त्यास शुद्धीवर आणण्याच्या खटाटोपात माझ्या स्वतःच्या प्रकृतीविषयी आमच्या इमारतीत आणि समुद्रापलीकडे कोणता समज पसरला, याची हकीकत क्रमवार निवेदन करणार आहे. या हकीकतीस मी तिखटमीठ लावलेले नाही. कोठे लागलेले आढळल्यास ते टेलिफोनसाहेबांनी लावलेले समजावे. त्यांचा उल्लेख पुढे वारंवार येईल, कारण ते वारंवार येत असत.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय, हे सांगणे इष्ट होईल. सर्व्हर हा असा संगणक होय, की ज्याच्यासमोर कोणी बसत नाही. तो कोपऱ्यात उभा राहून मुकाट्याने घरच्यांची सेवा करतो, आणि बिघडेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या परिचयातील काही गृहस्थही याच जातीचे आहेत. आमचा सर्व्हर कपड्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात, पत्नीच्या ठेवून दिलेल्या शालींच्या शेजारी राहतो.

माझी पत्नी परिचारिका असून समुद्रापलीकडील एका रुग्णालयात नोकरीस आहे. दोन्हीकडच्या घड्याळांचे असे काही त्रांगडे आहे, की मी छापखान्यातून सुटतो तेव्हा ती वॉर्डात शिरलेली असते, आणि ती वॉर्डातून सुटते तेव्हा मी घोरत असतो. घोरतो हे तिचे म्हणणे आहे. इतक्या लांबून तिला ते कसे समजते, हे मी विचारलेले नाही. तिचा धाकटा भाऊ, अर्थात माझा मेहुणा, संगणकाच्याच धंद्यात आहे. त्याने यावर एक युक्ती काढून दिली. ती ड्यूटी संपवून खोलीवर चालत जाते, तेव्हा वाटेत फोनमध्ये बोलते. ते बोलणे आपसूक आमच्या सर्व्हरमध्ये येऊन पडते. मी संध्याकाळी चहा गाळला, की स्वयंपाकघरातील फळीवरच्या, थेट तारेने सर्व्हरला जोडलेल्या स्पीकरचे बटण दाबतो, आणि यंत्र आपली तारीख पाहून त्या दिवसाचा निरोप लावते. मग मी उत्तर बोलतो, ते तिकडे जाते. तिच्यासारखा फोन मी का घेत नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवेल. माझा फोन बटणांचा आहे. त्यात फोन येतो. फोनकडून माणसाने याहून अधिक अपेक्षा का करावी, हे मला अद्याप उमगलेले नाही.

ती गेल्यापासून जे जे बोलली, ते सर्व त्या यंत्रात साठलेले आहे. वॉर्डातील रुग्ण, खोलीतील गळका नळ, तिकडचा वारा, माझ्या बनियनांविषयीच्या सूचना, सर्व. ती जाताना घरात स्वतःचे असे फार काही ठेवून गेली नव्हती. जे काही मागाहून आले, ते त्या डबड्यातच आले.

आता विघ्न कोठून सुरू झाले ते सांगतो. अलीकडे यंत्र वाक्याच्या मध्येच थबकू लागले. ‘अहो, आज आमच्या वॉर्डातले ते म्हातारे आजोबा’ एवढे बोलून ती गप्प होई. आजोबांचे काय झाले या चिंतेत माझा चहा निवून जाई. बऱ्याच वेळाने ‘घरी गेले’ असे शब्द येत, आणि मी सुस्कारा टाकून गार चहा पीत असे. आजोबांवर माझा लोभ होता. परंतु दररोज एका अनोळखी माणसाचा जीव असा टांगणीस लागणे मनुष्यस्वभावास पेलवत नाही.

मी मेहुण्यास फोन लावला.

“भावोजी, रॅम कमी पडतेय त्याला,” तो म्हणाला. “ताईचे फोटो, ताईचे आवाज, सगळं एकटाच सांभाळतोय तो. मी महिनाअखेरीला येतो, तेव्हा नवीन टाकू. तोवर तुम्ही हात लावू नका.”

हात लावू नका. वाचकहो, हे शब्द मला लागले. माझा व्यवसाय पुस्तकबांधणीचा आहे. शाळेने मला आणि मी शाळेला जरा लवकरच निरोप दिला, हे खरे. परंतु त्यानंतर विद्येची जेवढी पाने माझ्या हाताखालून गेली, तेवढी पुष्कळ पंडितांच्या डोळ्यांखालूनही गेली नसतील. या हातांनी मी शब्दकोश शिवले आहेत. कायद्याचे ग्रंथ शिकंज्यात दाबले आहेत. त्या हातांना एका पत्र्याच्या पेटीस लावू नका म्हणून सांगण्यात आले. मी फोनवर “ठीक आहे” म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

“मला स्मृती वाढवावयाची आहे,” मी सांगितले.

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिले. “तुमची का कम्प्युटरची?”

मी खुलासा केला. त्याने काचेच्या कपाटातून कंगव्यासारख्या दोन हिरव्या पट्ट्या काढल्या.

“आता यात पुष्कळ लक्षात राहील ना?” मी विचारले.

“लक्षात ठेवायची नाही हो काका ही. रॅम म्हणजे काम करताना सामान पसरायला टेबल. लाइट गेली की साफ विसरते.”

“विसरते तिला स्मृती म्हणतात?”

“म्हणतात बुवा. मी नाही ठेवलं नाव. पावती हवी का?”

एखादी वस्तू जे करीत नाही तेच तिचे नाव असावे, हे मला खटकले. परंतु आमच्या इमारतीच्या सुरक्षारक्षकाकडे पाहिले असता यात नवीन काही नाही, असे वाटून मी पट्ट्या घेऊन घरी आलो.

शस्त्रक्रियेची तयारी मी यथासांग केली. जमिनीवर कोरे कागद पसरले. हात धुऊन कोरडे केले. यंत्राचा कणभरही अपमान होणार नाही अशा बेताने झाकण उघडले. आमच्या धंद्यात एक दंडक आहे. जुने पुस्तक दुरुस्तीस खोलले, की जेथून जे काढाल तेथे खुणेची चिठ्ठी घालावयाची, म्हणजे जोडताना क्रम चुकत नाही. या चिठ्ठ्या बटर पेपरच्या एकाच तावातून फाडतात. काम संपल्यावर सर्व चिठ्ठ्या काढून तो ताव पुन्हा जुळवून पाहावयाचा. ताव पुरा जुळला, तर पुस्तकात काही राहिले नाही असे समजावे. त्यानुसार मी एकेक वायर आणि एकेक पट्टी काढीत गेलो आणि प्रत्येक घरात एकेक चिठ्ठी खोचीत गेलो. नंतर नव्या पट्ट्या बसविल्या, वायरी जागच्या जागी लावल्या, दिसतील तशा चिठ्ठ्या उपटून खिशात कोंबल्या, आणि एवढ्या उत्कंठेच्या प्रसंगी ताव कोण जुळवीत बसतो, असा विचार करून खटका दाबला.

पंखा फिरला. दिवा लागला. शेजाऱ्याकडून मागून आणलेला स्क्रीन मात्र काळाच राहिला. आणि मग यंत्राच्या पोटातून लांब, एकसुरी, काळीज कुरतडणारा आवाज येऊ लागला. टूंऽऽ. क्षणभर शांतता. टूंऽऽ.

मी खटका बंद केला. जुन्या पट्ट्या परत बसविल्या. जे होते तेच परत दिल्यावर तरी यंत्राने तक्रार करू नये, असा माझा युक्तिवाद होता. टूंऽऽ.

मेहुणा त्या वेळी कामानिमित्त परगावी होता. त्याने सारे ऐकून घेतले.

“भावोजी, मी काय सांगितलं होतं?”

“ते मला स्मरते.”

“डिस्क नाही ना काढलीत?”

“डिस्कला मी स्पर्शदेखील केलेला नाही.”

“मग ताईचे आवाज असतील आत. बहुधा.”

“बहुधा म्हणजे?”

“चालू झाल्याशिवाय कसं सांगू? आणि त्याची दुसरी कॉपी करायची ना, ती माझ्याकडून राहिलीय. ताईला बोलू नका हां. मी आलो की बघतो.”

‘बहुधा’ या शब्दाने मी अनेक ग्रंथांची पाने सजलेली पाहिली आहेत. तो शब्द इतका ओंगळ असू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

तो टूंकार ऐकून वरच्या मजल्यावरील टेलिफोनसाहेब खाली आले. हे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले असून, खात्याने त्यांना सोडले असले तरी त्यांनी खात्यास सोडलेले नाही. काखेत हत्यारांची पिशवी, खिशात तपासणीचा दिवा.

“सर्व्हर काय आणि टेलिफोन काय,” त्यांनी जमिनीवर बैठक मारीत सांगितले, “शेवटी तार ती तार. कुठं तरी तुटलेली असणार.”

“तुटलेले काही दिसत नाही.”

“दिसलं असतं तर मला कशाला बोलावलं असतंत?”

मी त्यांना बोलाविले नव्हते. परंतु आलेल्या माणसाला हे सांगता येत नाही. त्यांनी प्रथम नेटवर्कची वायर उपटून ठेवली, कारण बाहेरून काही येत असेल तर ते आधी थांबवावे, हे खात्याचे तत्त्व. मग पट्ट्यांची टोके खोडरबराने घासली. मग यंत्र आडवे केले, उभे केले, त्याच्या कुशीवर दोन चापट्या मारल्या. प्रत्येक उपायानंतर आम्ही खटका दाबीत असू, आणि यंत्र टूंऽऽ करी. त्यांचा तपासणीचा दिवा माझ्या फोनच्या चार्जरच्या जागी लागला, तो तेथेच राहिला. माझा फोन केव्हा मालवला, ते मला समजलेदेखील नाही.

“काय वाटते?” मी विचारले.

“तपास चालू आहे. सध्या काही सांगता येत नाही.”

हे वाक्य ते इतक्या सफाईने उच्चारीत, की खात्यात त्यांना त्याचेच वेतन मिळत असावे. जिन्यात कोणी काही विचारले तरी ते हेच सांगत. याचा परिणाम पुढे येईल.

छापखान्याच्या मालकांकडून मी रजा घेतली आणि यंत्र घेऊन कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो. बसमध्ये कंडक्टरने मांडीवर घेतलेत तर सामान धरणार नाही, अशी सवलत दिली; म्हणून सबंध रस्ता मी ते मांडीवर घेऊन, खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळून बसलो होतो. समोरच्या बाकावरील बाईंनी आपले मूल जरा अलीकडे ओढून घेतले.

केंद्रातील खिडकीपाशी एक तरुण बाई बसल्या होत्या.

“तक्रार क्रमांक?”

“तो कोठे मिळतो?”

“आमच्या साइटवर.”

“साइट कशावर पाहावी?”

“कम्प्युटरवर, काका.”

“तोच मी आणला आहे.”

त्यांनी यंत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि उदार मनाने क्रमांक स्वतःच काढून दिला. “आता चालू केल्यावर स्क्रीनवर एक कोड येतो, तो सांगा.”

“चालू होत नाही म्हणूनच आलो.”

“कोडशिवाय सिस्टिम पुढं जात नाही हो. असं करा, चालू करून आणा.”

“चालू झाल्यावर मी कशास आणीन?”

त्या मनाने चांगल्या होत्या. आतल्या खोलीत जाऊन वरिष्ठांना विचारून आल्या आणि एक कागद पुढे सरकविला. “ठेवून घेतो आम्ही. फक्त इथं सही करा. आतला डेटा गेला तर कंपनी जबाबदार नाही.”

“डेटा म्हणजे?”

“आत जे काही असेल ते.”

मी पेन उचलले. आत जे काही असेल ते. गळका नळ, तिकडचा वारा, वॉर्डातील आजोबा. त्या कागदावर माझे नाव लिहिण्यास केवढी जागा ठेवली होती, आणि तिच्या बोलण्यास ‘डेटा’ हा एकच शब्द. मी पेन खाली ठेवले आणि यंत्र उचलले.

“काय झालं काका?”

“घरी विचारून येतो,” मी म्हणालो. घरी कोणी नव्हते, हे त्यांना सांगण्याचे कारण नव्हते. दाराशी सेवेविषयी मत देण्याचे यंत्र होते, त्यातील हसऱ्या चेहऱ्याचे बटण मी सभ्यपणाने दाबले. ते लगेच चालू झाले.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला एक गोष्ट ध्यानात आली. माझा चहा गरम असतानाच संपू लागला होता. पूर्वी गार चहाविषयी माझी तक्रार होती. आता तो वाफाळता घशाखाली उतरे, कप विसळून होई, आणि तरीही संध्याकाळ तेवढीच शिल्लक राहिलेली असे. स्पीकरच्या बटणावर बोट ठेवण्याची सवय मोडत नव्हती. मी बटण दाबी, काही होत नसे, आणि काही होत नाही हे कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून खिडकीकडे बघत असे.

इमारतीत मात्र माझा मान वाढला होता. जिन्यात भेटणारे आवाज खाली आणून “कसं काय?” म्हणत. सुरक्षारक्षक, जो आजवर मला पाहून खुर्चीतून हलला नव्हता, तो खुर्चीच देऊ लागला. माझ्या तांत्रिक धडपडीची वार्ता पसरून सुशिक्षित समाजाने तिची दखल घेतली आहे, असा मी अर्थ काढला, आणि मान किंचित झुकवून तो स्वीकारीत राहिलो.

अखेर एके दिवशी टेलिफोनसाहेबांनी निर्वाणीचा उपाय काढला. यंत्राच्या पाटावर बटणाएवढी एक बॅटरी असते, ती त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उपसली.

“याला सगळं विसरू द्या,” ते म्हणाले. “मग तो नव्याने उठेल.”

“सगळे म्हणजे?” मी त्यांचे मनगट धरले.

“घाबरू नका हो. डिस्क वेगळी. हा फक्त तारीख-वार विसरतो. मीसुद्धा रिटायर झाल्यापासून विसरतो, माझं काही बिघडलं?”

त्यांनी बॅटरी परत बसविली. टूंऽऽ. साहेबांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यात प्रथमच खात्याच्या वाक्याची मदत न घेता ते म्हणाले, “नाही जमत बुवा.” पिशवी काखेत मारून ते वर गेले. त्यांची पाठ पाहून मला माझ्यापेक्षा त्यांचेच वाईट वाटले.

मी एकटा उरलो. बाहेर अजून उजेड होता. मेहुणा येईपर्यंत यंत्र नीट मिटून ठेवावे, निदान काम अर्धवट टाकले असे कोणी म्हणू नये, म्हणून मी आवराआवर आरंभिली. खिशात त्या चिठ्ठ्या चुरगळून पडल्या होत्या. काम मिटण्याआधी ताव जुळवावा, हा दंडक हातांनाच आठवला असावा. मी जमिनीवर बसून तुकडे सरळ केले आणि फाटलेल्या कडेशी फाटलेली कड लावीत गेलो. ताव जुळला. मध्ये एका बोटाएवढी जागा रिकामी राहिली.

मग विजेरी तोंडात धरून यंत्रात डोके घातले. पहिल्या पट्टीच्या घराच्या तळाशी, काळ्या फटीत, बटर पेपरचा एक तलम कोपरा दिसत होता. मी पट्टी काढली, चिमट्याने तो तुकडा ओढून काढला आणि तावातील जागेवर ठेवला. बरोब्बर बसला. सबंध इमारतीची झोप उडविणारा आवाज, दुरुस्ती केंद्र, खोडरबर, चापट्या, सर्व काही या एका चिठ्ठीपायी घडले होते. ती मी स्वतः, गुरूंनी शिकविल्याबरहुकूम, अत्यंत निगुतीने घातली होती. विद्येने माणूस बुडतो तो असा.

मी खटका दाबला. टूं. एकच, आखूड. मग शांतता. मग स्क्रीन उजळला. त्यावर पुष्कळ इंग्रजी अक्षरे धावली आणि शेवटी तारीख तपासावी अशी सूचना आली. यंत्राने दाखविलेले साल कित्येक वर्षांपूर्वीचे होते, माझी पत्नी नुकतीच तिकडे गेली होती तेव्हाचे. पुढे चला, असे एक बटण होते, ते मी दाबले. नेटवर्कची वायर साहेबांनी काढून ठेवलेली होती, त्यामुळे आज कोणते साल आहे हे त्यास सांगणारे कोणी नव्हते.

आवाज आहेत की नाहीत, हे पाहण्याचा मला एकच मार्ग ठाऊक होता. मी स्वयंपाकघरात गेलो. चहा केला नाही. बटण दाबले.

“अहो, ऐकताय ना?”

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. आवाज तिचाच होता, परंतु आताचा नव्हे. हल्ली तिच्या बोलण्यात एक प्रकारचा थकवा मुरलेला असतो, चालताना दम लागल्यासारखा. हा आवाज त्याआधीचा होता, घाईचा, जरासा खोटा आनंदी.

“खोली छान आहे हो. खिडकीतून समोर नुसती भिंत दिसते, पण भिंत अगदी स्वच्छ आहे. तुम्ही कुलूप लावून झोपता ना? आणि माझ्याविना जेवण करपवू नका. दोन वर्षं तर आहेत. बघता बघता जातील. मग मी येतेच.”

ती दोन वर्षे केव्हाच संपली. मुदत संपत आली की दरवेळी ती विचारी, “वाढवू का?” मी म्हणे, “तुला योग्य वाटेल तसे कर.” ती म्हणे, “तुम्हाला चालेल ना?” मी म्हणे, “माझी काळजी करू नकोस.” यात कोणाचे काही चुकले, असे मला वाटत नाही. दोन माणसे केवळ सौजन्याच्या जोरावर एकमेकांपासून किती वर्षे दूर राहू शकतात, याचे ते उत्तम उदाहरण होते.

निरोप संपला. मी पुन्हा बटण दाबले. तेवढ्यात दार वाजले.

दारात खालच्या मजल्यावरील मावशी उभ्या होत्या. एका हातात सुपाचा डबा, दुसऱ्या हातात फोन. विजेरी हातात घेतलेल्या, बनियनवरच्या मला पाहून त्यांचा चेहरा पडला.

“तुम्ही उठलात कशाला?”

“मी झोपलोच नव्हतो.”

“मग मशीन कुणाला लावलंय? आमचे हे दवाखान्यात होते तेव्हा असंच वाजायचं त्यांच्या उशाशी. तुम्ही कामावर जात नाही, फोन बंद, साहेब पिशवी घेऊन येतात-जातात, विचारलं तर म्हणतात सध्या काही सांगता येत नाही.” त्यांनी फोन पुढे केला. “मी तिला कळवलं की हो. दिवसभर रडतेय ती. घ्या, बोला.”

इमारतीने मला दिलेल्या सर्व मानाचा उलगडा मला उंबरठ्यावरच झाला. मी फोन घेतला.

“अहो? तुम्हीच बोलताय?”

“मीच.”

“नळी काढली का? कोण डॉक्टर आहेत? त्यांना द्या फोन.”

“नळी नाही. डॉक्टर नाहीत. मला काहीही झालेले नाही. तुझे बोलणे ऐकवते ना, ते यंत्र बंद पडले होते. तेच आवाज करीत होते.”

मग ती हसू लागली, आणि हसता हसता तिचा आवाज भलतीकडेच गेला, मग नाक ओढल्याचे ऐकू आले.

“मी मेट्रनबाईंना सांगितलं, नवरा मशीनवर आहे. त्यांनी उभ्या उभ्या रजा दिली. बॅग भरून बसलेय मी इथं.” ती पुढे म्हणाली, “आता काय तोंड दाखवू त्यांना? जाते आणि सांगते, बरा झाला. रजा परत घ्या म्हणते.”

वाचकहो, येथे मी म्हणावयाचे वाक्य ठरलेले होते. तुला योग्य वाटेल तसे कर. ते जिभेवर आलेही होते.

“नको करूस परत,” मी म्हणालो.

“काय?”

“रजा. ये तू.”

“पण तुम्ही तर ठीक आहात.”

“मी ठीक नाही.”

तिच्या आवाजात एकदम परिचारिका जागी झाली. “काय होतंय? नीट सांगा. छातीत?”

“कोठेच काही होत नाही. चहा होतो. एक कप होतो.”

मावशी सुपाच्या डब्याचे झाकण घट्ट आहे की नाही ते पाहू लागल्या. ते घट्टच होते.

“अहो,” पत्नी म्हणाली, निराळ्याच स्वरात. “घरात बाई कोण बोलतेय?”

मी ऐकले. स्वयंपाकघरात निरोप अजून चालू होता.

“तूच आहेस.”

“मी? काय म्हणतेय मी?”

“दोन वर्षं तर आहेत, म्हणतेस. बघता बघता जातील.”

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. ती बॅग घेऊन रस्त्यावरच बसलेली असावी.

“बंद करा हो तिला,” ती म्हणाली. “काहीही बोलते.”

यापुढे सांगण्यासारखे थोडेच आहे. तिने मेट्रनबाईंना जाऊन खरे काय ते सांगितले. मेट्रनबाई शिस्तीच्या आहेत. नवरा धडधाकट आहे असे समजताच त्यांनी तातडीची रजा रद्द केली. पत्नीने तेथेच दुसरा अर्ज लिहिला. कारण या जागी तिने ‘नवऱ्याने बोलावले आहे’ असे लिहिले. असे कारण त्यांच्या रुग्णालयात यापूर्वी कोणी दिलेले नसल्याने ते मान्य करावे की नाही, हे कोणास ठरविता येईना, आणि अर्ज वरच्या मजल्यावर गेला. तेथे तो विचाराधीन आहे. दररोज संध्याकाळी ती प्रथम हेच सांगते, “अजून नाही हो काही कळलं,” आणि मग वॉर्डातील नव्या आजोबांकडे वळते. बॅग तिने अद्याप रिकामी केलेली नाही. लागणारे कपडे तिच्यातूनच काढते आणि धुऊन तिच्यातच ठेवते.

तरी वाचकांपैकी कोणाची समुद्रापलीकडील त्या मेट्रनबाईंशी किंवा त्यांच्या वरच्या मजल्याशी ओळख असल्यास, त्यांनी कृपा करून माझ्या प्रकृतीविषयी खरी ती माहिती कळवावी: ती उत्तम आहे, आणि मला आता एकट्याने राहवत नाही. हा लांबलेला मजकूर येथवर वाचल्याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपला ऋणी,
पुठ्ठेभाऊ, बाइंडर